तिसऱ्या इंजेक्टरखालचा धूर

सापडलं एकदाचं! तीन आठवडे माझ्या टर्बो गाडीच्या आयडलच्या +११ फ्युएल ट्रिमने (इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोलमध्ये स्वतःहून किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा) डोकं खाल्लं होतं, आणि कारण निघालं नखाएवढा रबराचा तुकडा.

के०३एस टर्बो गाडीवर चढल्याचं मागे सांगितलंच होतं. त्यात मिरवण्यासारखं एवढंच, की एकही स्टड तुटला नाही. दोन रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं. शेवटचा नट कर्रर्र करत सुटला तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकटाच वेड्यासारखा हसत उभा होतो. ऑइल फीड लाइन मात्र नवीनच घाला. माझ्या जुन्या लाइनच्या बँजोत (टोकाच्या जोडात) तेलाचं डांबर झालं होतं. पैसे वाचवायचे तर अलॉय चाकांवर वाचवा.

आता इंजेक्टर. मिनिटाला ४४० सीसीचे, म्हणजे आधीपेक्षा मोठे, हिरवे बॉश बसवले, केआरकेटीई (इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे ठरवणारा ईसीयूतला आकडा) त्या प्रमाणात खाली आणला. ईसीयूच्या ब्लॉक ०३२ मध्ये (ट्रिम दाखवणारा रकाना) पार्ट थ्रॉटल +४, आयडल +११.८. ते +४ मला कळत होतं. ईसीयूची फाइल ई१० (१०% इथेनॉलचं पेट्रोल) धरून केलेली आणि पंपावर मिळतंय ई२०. त्याला हवा लागते ई१०पेक्षा कमी, वजनाने साधारण १३.५ ला १, म्हणजे ईसीयू थोडं जास्त पेट्रोल ओतणारच. पण एकट्या आयडलचं काय?

मी टीव्हीयूबीवर बोट ठेवलं, म्हणजे डेड टाइमच्या (इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ) ईसीयूतल्या दुरुस्तीवर. तर्क चुकीचा नव्हता. आयडलला इंजेक्टर उघडा राहतो क्षणभरच, मोठे इंजेक्टर तर आणखी कमी वेळ, त्यामुळे डेड टाइममधली चूक तिथंच सगळ्यात जास्त बोंबलते. मग रोज जेवण झालं की लॅपटॉप घेऊन खाली. टीव्हीयूबी जरा वाढव, फ्लॅश कर, लॉग घे. दुसऱ्या आठवड्यात ट्रिम +२ वर आली. पेढे वाटायचेच बाकी होते.

त्याच रात्री एसी आणि हेडलाइट लावले, तर लॅम्बडा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून होणारी पेट्रोलची दुरुस्ती) उलटीकडे, −७! इंजिनवर लोड आला की गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. डेड टाइम खरंच चुकला असता तर असं व्हायला नको होतं. मी एक भोक दुसऱ्या चुकीने बुजवत बसलो होतो.

मग जुने लॉग काढले. स्टॉक असताना गरम इंजिनवर आयडलला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) सेकंदाला २.९ ग्रॅम दाखवत होता, आता १.७. पहिल्या दिवसापासून हा आकडा लॉगमध्ये पडून होता, मीच बघत नव्हतो. इंजिन तर तेवढंच श्वास घेतंय, म्हणजे उरलेली हवा एमएएफला चुकवून आत येतेय.

गळती शोधायला आत धूर सोडायचा, पण स्मोक मशीन कोण विकत घेणार? पत्र्याचा बिस्किटांचा डबा, आत धूप, एका बाजूने सायकलचा पंप, दुसऱ्या बाजूने इनटेकमध्ये जाणारी नळी. पेट्रोलशेजारी निखारा नको म्हणून डबा गाडीपासून तीन मीटर लांब ठेवला आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. आई खाली डोकावून म्हणाली, "दसऱ्याला अजून अवकाश आहे रे."

पाच मिनिटं काहीच नाही. मग टॉर्च तिरका धरला तर तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडातून धाग्यासारखी एक रेघ वर येत होती. रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) उचलली. खालच्या ओ-रिंगची चंद्रकोरीएवढी कड कापली गेलेली. इंजेक्टरबरोबर आलेल्या किटमधल्याच रिंगा, कडक आणि चकचकीत, आणि मी त्या कोरड्याच दाबून बसवल्या होत्या. विकणाऱ्याला शिव्या घालून झाल्या, पण अर्धा दोष माझा. नाना पेठेतून व्हायटॉनच्या आठ रिंगा आणल्या, ७.५ आतला व्यास, ३.५ जाडी. प्रत्येकीला इंजिन ऑइलचं बोट लावलं आणि रेल अंगठ्याने सरळ खाली दाबली. टप्प टप्प बसले चारही.

टीव्हीयूबी मूळ आकड्यांवर परत नेला. आयडल +१.२, एमएएफ २.८. ब्लॉक ११५ मध्ये टर्बोच्या दाबाची मागणी १९०० मिलिबार, मिळाले १८८५. हा दाब ॲब्सोल्यूट आहे, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही त्यात धरलेला, आणि पुण्यात ५६० मीटर उंचीवर मुळातली हवाच ९५० च्या आसपास, तेव्हा छोट्या टर्बोच्या मानाने मी खूश आहे.

यानंतर फ्रंट माउंट इंटरकूलर लावायचा बेत होता, खोकं पलंगाखाली येऊन पडलंय. पण धुराची दुसरी एक बारीक रेघ मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या चेक व्हॉल्व्हमधूनही दिसली होती, ती तेव्हा उत्साहात सोडून दिली. हे लिहितानाच वाटतंय, की आधी ती सगळी पीसीव्हीची (इंजिनमधली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळ्यांची जत्रा काढून कॅच कॅन (त्या वाफेतलं तेल अडवणारा डबा) बसवावा. बूस्टवर तेलाची वाफ नव्या इंटरकूलरमध्ये कशाला भरायची? शनिवारी मॅनिफोल्ड काढतोय. कॅच कॅन बॅटरीच्या बाजूला कुणी बसवला असेल तर ब्रॅकेटचं माप टाका.