आधी मेडिकल, मग फी: सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) मिळवतानाचा माझा अनुभव

'बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे, दादा, कुठल्या फ्लाइंग स्कूलला पैसे भरू?' सोलापुरातली मुलं मला हेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आत्ता कुठंच भरू नको, आधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घे. पहिल्या टप्प्याचं क्लास टू मेडिकल सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत मी एक रुपयाही भरला नव्हता. चष्मा असला तरी चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर सगळंच अडतं. व्यावसायिक परवान्याला पुढं क्लास वन लागतं, त्यासाठी मी उद्यान एक्स्प्रेसनं बंगळूर गाठलं.

परवान्याच्या लेखी परीक्षेला बसायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक) हवा आणि त्याआधी बोर्डाकडून मार्कशीटची पडताळणी. आपलं विभागीय मंडळ पुण्याला, त्यामुळं निकाल लागला की लगेच अर्ज टाकावा.

पेपर असे: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येक पेपरात 70 टक्के लागतात. अभ्यास मी घरीच केला. सगळ्यात गोडी लागली ती डेन्सिटी अल्टिट्यूडची, म्हणजे हवेच्या विरळपणामुळं विमानाला जाणवणाऱ्या उंचीची. आपलं होटगी रोडचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 12 अंश धरतात. मे महिन्यात पारा 42 वर गेला की फरक 30 अंशांचा, आणि दर अंशामागं साधारण 120 फूट वाढवायचे. म्हणजे भर दुपारी सोलापुरात उभं असलेलं विमान 5,000 फुटांवर असल्यासारखं वागतं: हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, उड्डाणाला धावपट्टी जास्त. हे गणित वहीत सुटलं त्या दिवशी मी भान हरपून बसलो होतो. लहानपणापासून सोसलेल्या उन्हाचा हिशेब पहिल्यांदा कळला.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, म्हणून आरटीआरची, म्हणजे विमानातून रेडिओवर इंग्रजीत बोलण्याच्या परवान्याच्या परीक्षेची, धास्ती होती. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन रेडिओवरचे ठरलेले कॉल मोठ्यानं म्हणायचे, जीभ वळेपर्यंत. दुसरा उपाय नाही.

परवान्याला लागणारे उड्डाणाचे 200 तास बारामतीला केले. त्यात 100 तास पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी आपल्यावर), 300 सागरी मैलांचा एक क्रॉस कंट्री (दुसऱ्या विमानतळांवर उतरत केलेला लांबचा प्रवास) आणि रात्रीची उड्डाणं आलीच. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसचे दिवस विमान जागेवरून हलत नाही, तेव्हा राहण्या-जेवणाचा खर्च जरा सढळ धरावा.

परवाना आला म्हणजे नोकरी आली, असं नाही. एअरबस ए320 किंवा बोइंग 737 चालवायचं तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाचं खास प्रशिक्षण आणि मान्यता, वेगळं करावं लागतं, आणि तो खर्चही मोठा असतो. कर्जाचा आकडा ठरवतानाच तो धरा. आणि स्कूल बघायला गेलात तर नुसते ऑफिसात बसू नका. हँगरपाशी जा, आज किती विमानं उडतायत ते मोजा, आणि तिथल्या मुलांना विचारा, महिन्याला किती तास मिळतात.