पद्मिनीचे बारके भाग: अ‍ॅनोडायझिंग कुणाला, पावडर कुणाला

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीची बॉडी अजून गॅरेजमध्येच आहे. पावसाळा पूर्ण सरल्याशिवाय रंगाला हात लावणार नाही, असं रंगाऱ्याने बजावलंय आणि त्याचं बरोबरच आहे. तोवर बारक्या भागांचा निकाल लावायला घेतला. ट्रेमध्ये सध्या आहेत बॅटरीचा क्लॅम्प, हॉर्नचे ब्रॅकेट, नंबरप्लेटच्या पट्ट्या, लेथवर काढून घेतलेले चोकचे आणि दिव्यांचे नॉब, बाहेरच्या आरशांखालचे स्पेसर, जादा मीटरच्या रिंगा, रिलेची प्लेट, कूलंटचा ओतीव आउटलेट आणि काचा वरखाली करायची हँडलं. हँडलं सोडून बाकी सगळं काळं हवंय.

आता काळं म्हटलं की गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो अ‍ॅनोडायझिंगसारखं फिनिश नाही, दुसरा म्हणतो पावडर (गनने उडवून भट्टीत शिजवायचा कोरडा रंग) मारून मोकळा हो. माझं मत असं झालंय की हा वाद रंगाचा नाहीच. भाग कुठल्या धातूचा आहे आणि त्यात काय बसतं, या दोनच गोष्टींवर बहुतेक निकाल लागतो. आवडीनिवडीला जागा उरते ती फार थोड्या भागांपुरती.

धातू ओळखायला खिशातलं लोहचुंबक पुरतं. चिकटलं की अ‍ॅनोडायझिंगचा विषय संपला. अ‍ॅनोडायझिंगमध्ये वरून काही चढवत नाहीत, अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड करतात. भाग गंधकाम्लाच्या टाकीत धन टोकाला टांगायचा, १२ ते १८ व्होल्ट द्यायचे, टाकी २० अंशांच्या आसपास गार ठेवायची. त्या टाकीत लोखंड गेलं तर ते नुसतं विरघळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टीलची बुश किंवा हेलिकॉइल (आट्यांसाठी भोकात बसवलेली तारेची गुंडाळी) राहिली असेल तर तिचीही तीच गत होते, शिवाय करंट ती ओढते आणि आजूबाजूचा थर पातळ राहतो. म्हणून क्लॅम्प, ब्रॅकेट आणि पट्ट्या थेट पावडरच्या पिशवीत गेल्या.

चुंबकाला न चिकटणारं सगळं अ‍ॅल्युमिनियम नसतं. काचा वरखाली करायची हँडलं मझाकची, म्हणजे साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूची आहेत. हातावर तोलली की कळतं, तेवढ्याच आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मझाक जवळजवळ अडीचपट जड. अ‍ॅनोडायझिंगच्या अ‍ॅसिडमध्ये ती टिकणार नाहीत आणि पावडरच्या भट्टीत २०० अंशांना ओतकामात अडकलेली हवा फुगून फोड येतात. तसंही पद्मिनीच्या दारावर काळी हँडलं पाहवणार नाहीत. ती क्रोमवाल्याकडे जातील.

राहिलं अ‍ॅल्युमिनियम. त्यात ओतीव आणि रॉडमधून कातलेलं हे दोन वेगळे प्राणी आहेत. ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असतं. नेहमीच्या एडीसी १२ या ओतकामाच्या ग्रेडमध्ये ते दहा-बारा टक्क्यांच्या घरात जातं, वर तांबंही असतं. सिलिकॉनचं ऑक्साइड अ‍ॅल्युमिनियमसारखं बनत नाही, ते जागच्या जागी राहतं आणि भाग डागाळलेला, राखाडी होऊन बाहेर येतो. काळा डाय, म्हणजे रंगद्रव्य, दिला तरी तो कोळशाच्या राखेसारखाच दिसतो. इन्स्टाग्रामवर ओतीव कव्हरं झगझगीत लाल अ‍ॅनोडाइज केलेली म्हणून दाखवतात, ती बहुतेक कँडी पावडर, म्हणजे चकचकीत थरावरची पारदर्शक रंगीत पावडर असते. तेव्हा कूलंटचा आउटलेटही पावडरकडे. मात्र जुन्या ओतकामाच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल आणि कूलंट मुरलेलं असतं. पावडर मारण्याआधी तो भाग एकदा नुसताच भट्टीत, पावडरच्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवून घ्यायला सांगा. आत मुरलेलं तेव्हाच बाहेर पडतं, नाहीतर तेच नंतर पावडरमधून बुडबुडे काढतं. गॅस्केट बसते ती बाजू आणि आतलं तोंड कोरंच ठेवायचं.

नॉब, रिंगा, स्पेसर आणि रिलेची प्लेट मात्र खऱ्या अर्थाने अ‍ॅनोडायझिंगचे उमेदवार. इथे लेथवाल्या काकांनी एक गोष्ट लाखमोलाची सांगितली: "दिसणारे सगळे नग एकाच रॉडमधून काढ. कुर्ल्याला भंगारात रॉड स्वस्त मिळतो, पण कुठल्या ग्रेडचा ते देवाला ठाऊक." ६०६१, ६०८२, ६०६३ हे अ‍ॅल्युमिनियमचे ग्रेड अ‍ॅनोडायझिंगला चांगले. २०१४, २०२४ मध्ये तांबं जास्त, त्यांचा थर मऊ आणि कमी टिकाऊ होतो. एकाच टाकीत, एकाच वेळी घातलेले दोन ग्रेड दोन वेगवेगळ्या छटा घेऊन बाहेर येतात. डॅशबोर्डवर दोन नॉब शेजारीशेजारी असले की तो फरक रोज डोळ्यांत खुपतो. म्हणून बिल असलेला ६०८२चा एकच रॉड आणला आणि सगळं त्यातूनच काढलं.

आता जाडी. मला विचाराल तर खरा मुद्दा इथे आहे. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो आणि तो सगळा वर चढतो. १० मिलिमीटरच्या दांड्यावर ७० मायक्रॉन चढले की व्यास १०.१४ होतो. तेवढंच भोक असेल तर ते ०.१४ ने लहान. दिसायला हे काहीच नाही, पण दाबून बसवायच्या नॉबला एवढ्यात बसणं आणि न बसणं यांतला फरक पडतो. आट्यांवर तर कहरच. साध्या ६० अंशांच्या आट्यांवर थराच्या जाडीच्या चौपट फरक पिच व्यासात, म्हणजे आट्यांच्या मध्यावर मोजलेल्या व्यासात पडतो. म्हणजे ७० मायक्रॉनचे ०.२८ मिलिमीटर. एम६च्या (६ मिलिमीटर आट्यांच्या) स्टडवर नट एक फेराही जाणार नाही. अ‍ॅनोडायझिंगचा नेहमीचा थर ५ ते २५ मायक्रॉन आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग धातूच्या आत वाढतो, उरलेला वर येतो. १५ मायक्रॉन केलं तर पृष्ठभाग पाच ते सात मायक्रॉनच वर सरकतो. माझ्या नॉबना एम४चे आटे आहेत, ते टाकीतून आले आणि हाताने सरळ बसले. हार्ड अ‍ॅनोडायझिंग मागितलं तर मात्र थर ५० मायक्रॉनपर्यंत जातो, निम्मा आत आणि निम्मा वर. तेव्हा फिटिंगची जागा लेथवरच सोडावी लागते. गाडीच्या नॉबला त्याची काही गरज नाही, घासणाऱ्या भागांसाठी ते ठीक.

जाडीची दुसरी बाजूही आहे. अ‍ॅनोडायझिंग काहीही झाकत नाही. लेथच्या टूलची रेघ, पॉलिश पेपरचा ओरखडा, पकडीचा दात, सगळं जसंच्या तसं दिसतं, उलट काळ्या डायने उठून येतं. टाकीआधी कॉस्टिक सोड्यात एच करतात, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊ देतात, तेव्हा चमक थोडी मरते, पण खोल ओरखडा जात नाही. मी रिंगा ग्लास बीड ब्लास्ट (काचेच्या बारीक मण्यांचा मारा) करून दिल्या, एकसारखं मंद फिनिश आलं. नॉबवर उभ्या रेघांची कातणी मुद्दाम ठेवली होती, ती सुंदर उमटली. पावडर उलट, लहानसहान खड्डे गिळून टाकते आणि नाजूक कातणीही त्याबरोबर बुजवते.

अ‍ॅनोडायझिंग रबाळे एमआयडीसीत करून घेतलं. बहुतेक ठिकाणी मिनिमम लॉटचा चार्ज लागतो. एवढ्याशा भागांना तो परवडत नाही, म्हणून मित्राचे सायकलचे भाग बरोबर नेले. जिथे क्लिपने पकडतात तिथे एक बारीक ठिपका कोरा राहणारच. तो कुठे चालेल हे आपणच दाखवून द्यायचं, नाहीतर तो नेमका दर्शनी बाजूला येतो. मी नॉबच्या आतल्या आट्यांत पकडायला सांगितलं.

घरी आल्यावर सीलिंगची परीक्षा. ताज्या ऑक्साइडला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतच डाय भरतो. नंतर उकळत्या पाण्यात किंवा निकेल अ‍ॅसिटेटमध्ये ठेवून ती बंद करतात. उकळत्या पाण्यात दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं धरतात, म्हणजे १५ मायक्रॉनला अर्धा-पाऊण तास. घाईच्या कारखान्यात पहिली कात्री इथेच लागते. काळ्यावर शाईचा डाग दिसत नाही, म्हणून मी बरोबर एक बिनरंगी तुकडा टाकायला सांगितला होता. त्यावर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब ठेवला, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसला. शाई पूर्ण निघाली. फिकट निळा वर्तुळाकार डाग राहिला असता तर सील कच्चं. इथल्या खाऱ्या हवेत कच्चं सील म्हणजे वर्षा-दोन वर्षांत पांढरे ठिपके. गंमत म्हणजे हे तंत्रच समुद्रामुळे जन्मलं: १९२३ साली इंग्लंडमध्ये ते प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं, ते समुद्री विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खारेपणापासून वाचवायला. तेव्हा गंधकाम्ल नव्हतं, क्रोमिक अ‍ॅसिड होतं.

आरशांच्या स्पेसरचं मात्र काळं अ‍ॅनोडायझिंग रद्द केलं. जॉबवर्कला मिळतो तो काळा बहुधा सेंद्रिय डाय, आणि गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की तो तपकिरी-जांभळा पडतो. इमारतींच्या खिडक्यांच्या सेक्शनवर जो काळा-ब्राँझ रंग दिसतो तो वेगळा. तो कथिलाच्या क्षारांमधून विजेने भरलेला असतो आणि उन्हाला दाद देत नाही, पण त्या मोठ्या टाक्यांत आपले दोन स्पेसर कोण घालणार? त्यामुळे स्पेसर पॉलिएस्टर पावडरमध्ये. इथेही विचारून घ्या: इपॉक्सी पावडर गंजाला चिवट, पण उन्हात खडूसारखी पांढरट होते. बाहेरच्या भागाला पॉलिएस्टरच. आणि डायची हौस असेल तर ती डॅशबोर्डच्या आत भागवा.

पावडरचं काम वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात केलं. त्याआधी दुसरीकडे केलेल्या नंबरप्लेटच्या पट्ट्या वरून झकास दिसत होत्या. टॉर्च मारून पाहिलं तर काटकोनात दुमडलेल्या आतल्या कोपऱ्यात पावडरखालचा राखाडी फॉस्फेटचा गंजरोधक थर तसाच उघडा. पावडर विजेच्या ओढीने चिकटते आणि खोल कोपऱ्यात विजेचं क्षेत्र शिरतच नाही, तोंडावरच्या कडा सगळी पावडर ओढून घेतात. वालीवच्या कारागिराला पट्टी दाखवली तर तो हसला. "दादा, कोपरा आधी मारायचा, गनचं केव्ही (व्होल्टेज) कमी करून, हळू. हे लोक आधी सपाट मारतात, मग कोपऱ्यात गन खुपसतात." त्याने पट्ट्यांवरची जुनी पावडर काढून माझ्यासमोर तशाच मारल्या आणि कोपरा भरला. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक बघायचं: फॉस्फेटिंगनंतर भाग लगेच सुकवून भट्टीत जातायत की ट्रॉलीवर पडून आहेत. दमट हवेत थोड्या वेळातच पिवळसर गंज धरतो आणि पावडर त्याच्यावर बसते. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असेल तर खळगे पडतात, ते वेगळंच.

भट्टीतून आलेल्या भागावर कापसाला थिनर लावून थोडं रगडलं. चमक किंचित मेली, रंग आला नाही, म्हणजे पावडर नीट शिजलीय. भाग स्वतः १८० ते २०० अंशांना पोचल्यानंतरचा वेळ मोजायचा असतो, भट्टीचा काटा पोचल्यापासूनचा नाही. जाड क्लॅम्प आणि पातळ पट्टी एकाच ट्रॉलीत असली की जाड भाग कच्चा राहण्याची शक्यता जास्त.

क्लॅम्प आणि ब्रॅकेटच्या बोल्टखालच्या जागा टेप लावून कोऱ्या ठेवून घेतल्या. पावडर म्हणजे प्लास्टिकच. वॉशरखाली ती दबत जाते आणि घट्ट केलेला बोल्ट काही दिवसांत सैल होतो. त्या कोऱ्या जागांवर झिंकचा प्रायमर आणि वर ग्रीस. बोल्ट स्वतः यलो झिंकला (जस्ताच्या पिवळ्या मुलाम्याला) दिले, त्यांना अ‍ॅनोडायझिंग आणि पावडर या दोन्हींपैकी काहीच नको.

रिलेच्या प्लेटचं एक ध्यानात ठेवा. अ‍ॅनोडायझिंगचा थर वीजरोधक असतो. हेडलाइटच्या रिलेचं अर्थिंग प्लेटमधून घेतलं असेल तर दिवे लागणारच नाहीत. मल्टिमीटर लावून पाहिला, दोन्ही टोकं प्लेटवर असूनही रीडिंग ओपन, म्हणजे वीज जातच नाही. एका भोकाभोवती कानसेने थर काढून अर्थिंगची वायर तिथे दिली आणि वर व्हॅसलिन चोपडलं. स्टेनलेसचे स्क्रू वापरताय तर खाली नायलॉनचा वॉशर घाला, खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमची जोडी वाईट. आणि वॉशिंगवाल्याला डॅशबोर्डवर, रिंगांवर कॉस्टिकचा फोम मारू देऊ नका. अल्कलीने अ‍ॅनोडायझिंग खाल्लं जातं, पावडरला त्याचं एवढं वाटत नाही.

सध्या डॅशबोर्डवर नॉब आणि रिंगा बसल्या आहेत, रिले चालू आहेत, हॉर्न वाजतोय. स्पेसर पुढच्या काळ्या मॅटच्या लॉटबरोबर निघतील, कारण दोन नगांसाठी कोणी गन धुऊन रंग बदलत नाही. हँडलांसाठी मझाकवर तांबं चढवून मग निकेल-क्रोम करणारा क्रोमवाला शोधतोय, थेट क्रोम मारून देणाऱ्यांना मी नमस्कार करून परत आलोय.