ओतीव गरुडाचा निकाल: अखेर झाळेनं सांगितलं

मागच्या दोन नोंदींत अडकलेला, पॅलेस्टाइनचा म्हणून आलेला पितळी टोपी-गरुड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश सैनिकाच्या टोपीवरचा बिल्ला, अखेर मार्गी लागला. तो युद्धकाळातला नाही, नंतर काढलेली नक्कल आहे. मात्र ज्या खुणेवरून हे कळलं, ती खूण सगळ्यांनी आपापल्या खणातल्या गरुडांवर तपासावी.

गॉन्ट या बिल्ले बनवणाऱ्या कंपनीचे लंडनचे गरुड सोपे असतात. ठशात ठोकलेले, पिसांच्या कडा धारदार, मागे कड्या आणि नावाचा शिक्का. खरी डोकेदुखी पूर्वेकडच्या गरुडांची. जनरल आंदर्सची पोलिश फौज १९४२ मध्ये सोव्हिएत प्रदेशातून पहलवी बंदरामार्गे इराणात आली, पुढे इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त अशी सरकत गेली. तिथल्या स्थानिक कारागिरांनी बहुतेकदा युद्धापूर्वीचा १९१९ नमुन्याचा गरुड वाळूत दाबला आणि साच्यात पितळ ओतलं. म्हणजे अस्सल मालही रवाळ, बोथट आणि थोडा लहान. आजचा नकलाकारही नेमकं हेच करतो. ‘रवाळ दिसतो, म्हणून नकली’ हा नियम इथे निरुपयोगी आहे.

पहिला उपाय मापाचा. पितळ गोठून थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतं. मूळ नमुना ४० मिमी धरला, तर पहिली ओत ३९.४ आणि त्या ओतीवरून काढलेली नक्कल ३८.८ च्या आसपास. व्हर्निअरवर हा गरुड ३८.९ भरला, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. पंखांच्या टोकांवर आणि ढालीच्या खालच्या कडेवर कानस फिरलेली आहे, आणि कानशीत अर्धा मिलिमीटर सहज जातो. म्हणून आता एकूण उंची मोजणं बंद केलं आहे. डोळ्याच्या मध्यापासून ढालीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, तिथे कानस पोचत नाही. तेही खात्रीच्या ओतीव गरुडापेक्षा दीड टक्क्यानं कमी आलं. संशय वाढला, पण कारागिरानं आधीच्या ओतीवरूनच पुढची ओत काढली असेल, ही शक्यता उरलीच.

वजनानं काही मदत झाली नाही. हवेत २०.१६ ग्रॅम, पाण्यात दोऱ्यानं टांगून १७.७६, म्हणजे घनता ८.४, सरळ पितळ. जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त नक्कल असती, तर आकडा पावणेसातच्या आत आला असता. सराफाकडच्या कॅरेट तपासायच्या यंत्रावर ठेवायचा बेत होता, तो रद्द. ते यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं असतं, तांबं-जस्ताचा आकडा अंदाजेच मिळतो. शिवाय काडतुसांच्या पुंगळ्यांचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असलं, तरी पुन्हा वितळवताना जस्त उडतं. जुनी मोड तेव्हाही वितळवली जायची, आजही वितळवली जाते. त्या आकड्यावरून वय ठरत नाही.

निकाल लागला तो मागच्या बाजूला. अस्सल ओतीत स्क्रूचा दांडा नंतर झाळलेला, म्हणजे मऊ धातू वितळवून जोडलेला असतो. दांड्याच्या बुडाशी झाळेचा करडा, मऊ उतार दिसतो आणि त्याच्या कडेला पितळेशी स्पष्ट रेघ असते. या गरुडावर उतार आहे, पण दहापट भिंगाखाली त्याचा रंग पितळेचाच आणि त्यावर वाळूचे तेच रवे. म्हणजे जुन्या गरुडाची झाळसुद्धा साच्यात उमटली आणि पितळेतच ओतली गेली! नवा दांडा तिच्या मधोमध भोक पाडून बसवला आहे. कानशीच्या खुणांचंही तसंच. काही ओरखडे ताजे आणि चकचकीत, बाकीचे गोलसर, रव्यांनी भरलेले, म्हणजे मूळ गरुडावरून उतरलेले. दोन पिढ्यांची कानस एकाच पाठीवर!

दांड्यावर मागून फिरवून बसवायची चकती मात्र जुनी वाटते. पण चकत्या अदलाबदल होतात, त्यामुळे चकतीवरच्या कारखान्याच्या नावावरून बिल्ला कधीच ठरवू नका.

लिहिता लिहिता सुचलं: दंतवैद्य वापरतात त्या सिलिकॉन पुट्टीत पाठीचे ठसे घ्यायचे आणि गरुडांऐवजी ठसेच एकमेकांना पाठवायचे. समान खोच दोन गरुडांवर सापडली, तर जिच्यात ती जास्त धारदार, ती ओत आधीची. मिन्याच्या बिल्ल्यांवर मात्र पुट्टी दाबू नका, तडे गेलेला मिना निघून येतो.

दुसरीकडे एक छान गोष्ट घडली. आंदर्सच्या फौजेच्या दुसऱ्या कोरची जलपरी (कापडी पट्टीवरचं चिन्ह), लाल कापडावर पांढरी, अतिनील दिव्याखाली पूर्ण काळोखी राहिली, शिवणीचा दोराही चमकला नाही. युद्धानंतरच्या दोऱ्यांत आणि साबणांत उजळ करणारी द्रव्यं आली, ती निळसर चमकतात. उलट बाजूनं जपून बोला: चमकली म्हणजे नकलीच असं नाही, अस्सल पट्टीही कुणी नंतर धुतलेली असू शकते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतून (१९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित) आलेले म्हणून हल्ली काही बिल्ले विकायला येतात. तिथल्या बऱ्याच कुटुंबांतले पुरुष आंदर्सच्या फौजेत होते, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी असते. पण पत्र, फोटो किंवा शिबिराचा कागद सोबत नसेल, तर त्या गोष्टीचे जादा पैसे देऊ नका. मुकुट आधी बघा. बिनमुकुटाचा गरुड सोव्हिएत बाजूनं लढलेल्या बेर्लिंगच्या पोलिश फौजेचा, तो आंदर्सच्या सैनिकाचा म्हणून विकला जात असेल तर तिथेच थांबा.

आणि चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका. हिरवट कीट बांबूच्या काडीनं आणि डिस्टिल्ड पाण्यानं काढा, पूर्ण वाळवा, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. झाळेची ती रेघ घासून गेली, तर तपासायला काहीच उरत नाही.

पुढचं काम: मॉन्टे कॅसिनो क्रॉसच्या (इटलीतल्या १९४४ च्या लढाईसाठी पोलिश सैनिकांना दिलेल्या पदकाच्या) मागच्या क्रमांकांचे अंक. तुकड्यांना क्रमांकांचे गट दिलेले होते, त्यामुळे अंकांचे ठसे एकाच संचातले आहेत का, हे आता याच भिंगाखाली पाहायचं आहे.