बूम आला, पण वाढदिवस साहेबांचाच

आमचे काका वीसेक वर्षं तालुक्याला एका पेपरचे बातमीदार होते. पगार वगैरे काही नाही, जाहिराती आणायच्या आणि त्यावर कमिशन, त्यामुळे साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली की घरात नवीन कपडे. आता त्याच साहेबांच्या विरोधात बातमी कशी लागणार सांगा? काका लिहायचे, पाठवायचे, सकाळी पेपर उघडावा तर गायब. विचारलं की उत्तर ठरलेलं, जागा नव्हती.

हे आठवलं कारण गेल्या उन्हाळ्यात वस्तीवर चार दिवस टँकर आला नाही, तेव्हा शेजारच्या पोराने रिकाम्या ड्रमांची रांग मोबाईलवर शूट करून टाकली, ते बघून तालुक्याचा एक यूट्यूबवाला बूम (चॅनेलचा माईक) घेऊन आला, बायका जे काय बोलल्यात ना त्याला (अर्ध्या शिव्या कापाव्या लागल्या), आणि दुसऱ्या दिवशी टँकर दारात! काकांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

मी पण जाम हुरळलो होतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा आधी फुकट मग स्वस्त झाला, आणि छापखाना, कागद, एसटीतून जाणारे गठ्ठे, कशाचीच गरज राहिली नाही. नाहीतर १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे मोजूनसुद्धा 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती, आणि पाक्षिक सुरू करायला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, त्या काळातले. आज चॅनेल उघडायला दहा मिनिटं पुरतात, कुणाला विचारायची गरज नाही.

पण चालवायचं कसं? यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच आधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलेलं लागतं (नाहीतर मग तासांऐवजी तीन महिन्यांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज आणा), आणि तेवढं झालं तरी तालुक्याच्या बातम्या बघणारे किती, त्यातून गाडीचं पेट्रोल पण निघत नाही. मग दोन महिन्यांनी त्याच चॅनेलवर साहेबांचा वाढदिवस, ड्रोन शॉट, जेसीबीतून फुलं, मागे गाणं, पूर्ण अर्धा तास. त्यानंतर टँकर परत बंद पडला तेव्हा पोराने फोन केला तर तिकडून "बघतो भाऊ". अजून बघतोच आहे तो. आणि मला त्याचा रागही धड येत नाही, काकांनी तरी वेगळं काय केलं होतं?

परवा काका पोराला म्हणाले, तू स्वतःचंच चॅनेल काढ की, फक्त कुणाचा वाढदिवस करू नको.

पोरगा म्हणाला, "काढतो ना काका, पेट्रोल तुम्ही टाकणार का?"

काकांनी चष्मा पुसला आणि चहा टाक म्हणून आत हाक मारली.