यादीत नसलेला दावण्या : माझा अनुभव

‘कृपया यादीतील पर्याय निवडा.’ लाल अक्षरातली ही ओळ आठवली की अजूनही माझं डोकं तापतं.

आमच्या तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून रोगकिडींच्या फोटोंचा एक सामाईक ऑनलाइन संग्रह उभा केला. माझं शिक्षण शेतीतलं, सासरी बाग, त्यामुळे वर्गीकरणाचं काम माझ्याकडे आलं. फोटो गोळा झाले, लोक मोबाईलवरून नोंदी टाकायला शिकले, त्यात काही अडलं नाही. अडलं ते फॉर्ममधल्या एका रकान्यापाशी, आणि तेही ऐन फळछाटणीच्या हंगामात.

आमची मांडणी साधी होती. बागेत उभा असलेला माणूस त्याला सुचेल तो शब्द टॅग म्हणून लावेल. त्या टॅगांच्या मागे रोग, कीड, लक्षण, पीक, वाण, वाढीची अवस्था असा बांधीव आराखडा असेल आणि कशाचा कशाशी काय संबंध हेही त्यात लिहिलेलं असेल. संगणकवाले याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. लोकांच्या टॅगांमधून उभ्या राहणाऱ्या वर्गीकरणाला माहितीच्या मांडणीवर काम करणारे थॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये फोक्सॉनॉमी हे नाव दिलं. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात या दोन्हींची सांगड घालता येते, हे मांडलं. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो.

पण सर्व्हर एका संस्थेचा होता. नाव घेत नाही. त्यांची अट अशी की ‘समस्या’ हा रकाना त्यांच्या मान्य यादीतूनच भरायचा. द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणाऱ्या एका बुरशीसारख्या रोगाचं नाव त्या यादीत होतं ‘केवडा’. आमच्याकडे त्याला कुणी डाउनी म्हणतं, बहुतेक जण दावण्या म्हणतात. दावण्या टाइप केलं की ती लाल ओळ यायची आणि नोंद जतनच व्हायची नाही. आमचे शेजारचे आप्पा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “पोरी, ह्यात दावण्याच न्हाई. मग माझ्या बागेत आलंय ते काय?”

रात्री पाऊस झालेला, पानं ओली, सकाळी औषध मारायचं की नाही ते ठरवायचंय. अशा वेळी यादी धुंडाळत कोण बसेल? लोकांनी सरळ ‘इतर’ निवडायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत ‘इतर’ची अडगळीची खोली झाली. सगळ्यात मोलाचे फोटो तिथे पडलेले आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नाही.

मी अर्ज दिला की यादीच्या वर एक मोकळा रकाना द्या. उत्तर आलं, विषय समितीपुढे ठेवण्यात येईल. पुढे विचारलं तर प्रत्येक स्थानिक शब्दाला शास्त्रीय संदर्भ जोडून आणा म्हणाले. तोही तक्ता करून नेला, तोवर आमचा विषय बघणारे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांना तोच तक्ता वेगळ्या नमुन्यात हवा होता. इकडे बागा फुलोऱ्यात आल्या. दावण्याने घड जातात ते याच दिवसांत, आणि याच दिवसांतल्या नोंदी ‘इतर’मध्ये पडत होत्या. खुर्चीवरच्या माणसाला हंगामाची घाई कळत नाही, याचा मला खरंच संताप येतो.

त्यांचं म्हणणं एकच होतं : लोक काहीही लिहितील, माहिती खराब होईल. ही भीती अगदीच पोकळ नव्हती, म्हणून तिला उत्तर देणं भाग होतं. सांगलीतल्या एका ग्रंथपाल मॅडमनी मला वाट दाखवली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या १९३३ च्या कोलन पद्धतीत एकाच विषयाकडे वेगवेगळ्या अंगांनी बघायला शिकवलं, तसंच टॅगांचं करा, म्हणाल्या. शब्द कशाबद्दल बोलतोय ते आधी ओळखा : रोगाबद्दल, लक्षणाबद्दल, की पानाबिनासारख्या भागाबद्दल.

मग मी ‘इतर’मधले ‘पांढरं’ असा टॅग असलेले फोटो छापून घेतले आणि बैठकीत साहेबांच्या टेबलावर मांडले. पहिल्या फोटोत अंगठ्याने उलटं धरलेलं पान, खालच्या बाजूला कापसासारखी लव. तेच पान वरून पाहिलं तर पिवळसर तेलकट डाग. हा दावण्या. दुसऱ्यात मण्यांवर राख भुरभुरल्यासारखी पूड, बोटाला लागणारी. ही भुरी. तिसऱ्यात घडाच्या देठाशी पांढरे पुंजके, चिकटा आणि त्यावर मुंग्या. हा पिठ्या ढेकूण. टॅग एक आणि दुखणी तीन. भुरीवर चालणारं गंधक दावण्यावर चालत नाही, म्हणजे नाव चुकलं की फवारणी वाया.

साहेब म्हणाले, “बघा, म्हणूनच यादी हवी.” मी म्हटलं, “सर, यादी हवीच. फक्त ती दारात नको, मागच्या खोलीत ठेवा.” ‘पांढरं’ हा शब्द चुकीचा नाहीच, ते लक्षण आहे. आराखड्यात त्याला लक्षण म्हणून जागा द्यायची आणि तीन संभाव्य कारणांशी जोडायचं. कुणी ‘पांढरं’ शोधलं की पुढचा प्रश्न यावा : पानाच्या वर की खाली, बोटाला लागतं का, मुंग्या आहेत का? हे शेतकऱ्याच्याच शब्दावर उभं राहतं. तो शब्द दारातच अडवला तर पुढचं काहीच घडत नाही. फोटो हातात घेऊन बघितल्यावर साहेबांना ते पटलं आणि मोकळा रकाना त्याच बैठकीत मंजूर झाला. बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की तिथूनच आप्पांना फोन लावला.

हे काम करणाऱ्यांसाठी आठवेल तसं सांगते.

मूळ टॅग कधीही बदलू नका. दावण्या खोडून केवडा लिहायचं नाही, दावण्याकडून केवड्याकडे फक्त जोड द्यायची. यासाठी वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं २००९ चं स्कॉस हे शब्दसंच मांडायचं प्रमाण आहे. त्यात एका संकल्पनेला प्रत्येक भाषेत एक मुख्य नाव, हवी तितकी पर्यायी नावं आणि शिवाय छुपी नावं देता येतात. छुप्या नावांत ‘डावनी’, ‘डाऊणी’ असली स्पेलिंगं टाका. ती शोधात सापडतात, पडद्यावर दिसत नाहीत. जागतिक अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोव्होक हा शब्दसंच याच पद्धतीत आहे, त्याच्याशी आपल्या संकल्पना जोडता येतात.

‘करपा’ने आम्हाला बराच वेळ गुंतवलं. द्राक्षाचा करपा वेगळा, हळदीचा वेगळा, कांद्याचा वेगळा. आमच्याकडे एकाच घरात बागही असते आणि हळदही. पीक हा रकाना सक्तीचा ठेवला आणि प्रश्न सुटला. सक्ती करायचीच तर ती पिकाची करा, रोगाची नको.

कोणते टॅग एकाच फोटोवर वारंवार सोबत येतात ते मोजत राहा. ‘तेलकट डाग’ आणि ‘दावण्या’ सतत जोडीने दिसले, तेव्हा ती जोड कुणाला सुचवावी लागली नाही. पण शिक्कामोर्तब माणसानेच करायचं. आमच्याकडे दोन अनुभवी बागायतदार आणि मी मिळून करतो.

वाणांचंही बघा. थॉम्पसन या द्राक्षाच्या वाणातून आमच्याच तालुक्यात निवडलेल्या तास-ए-गणेशला कुणी ‘तास’ लिहितं, कुणी ‘गणेश’. दोन्ही शब्द त्या एकाच वाणाला जोडा.

आणखी एक, ज्यात तांत्रिक माणसंही अडकतात. ‘पांढऱ्या’ हा शब्द कीबोर्डप्रमाणे आत वेगवेगळ्या चिन्हांनी साठवला जातो. डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा. युनिकोड या अक्षरं साठवायच्या प्रमाणाचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं, ते करा, पण अर्ध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेलं रूप त्याने जुळत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

आणि सर्व्हर कुणाचाही घ्या, पण पहिल्या करारातच दोन गोष्टी लिहून घ्या : यादीबाहेरच्या शब्दामुळे कुठलीही नोंद अडवली जाणार नाही, आणि मागू तेव्हा सगळ्या नोंदी मूळ टॅगांसकट परत मिळतील.