टीएमटी नॉर्मल, तरीही धमनीत प्लाक

वडिलांना 52 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. वडील किंवा भाऊ यांना 55 च्या आत, आई किंवा बहीण यांना 65 च्या आत हा आजार झाला असेल, तर आपलाही धोका वाढतो. म्हणून काही त्रास नसताना 46 व्या वर्षी मी तपासून घ्यायचं ठरवलं.

ट्रेडमिल टेस्ट, म्हणजेच टीएमटी, नॉर्मल आली. घरच्यांचा जीव भांड्यात पडला, पण डॉक्टर तेवढ्यावर थांबायला तयार नव्हते. धमनी साधारण 70 टक्के अरुंद झाली, श्रमात रक्त कमी पडू लागलं, की मगच ही टेस्ट बोलते. त्याहून लहान प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेले चरबीचे थर, तिला सहसा कळत नाहीत. आणि अटॅक कित्येकदा नेमका तिथूनच येतो!

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या भिंतीत शिरतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात. आत मऊ गाभा साचतो, वर तंतूंचं आवरण धरतं. सूज असेल तर हे आवरण पातळ होत जातं आणि पिकलेल्या फोडासारखं फुटतं. आतला ऐवज रक्ताला लागला की गुठळी धरते आणि कालपर्यंत 40 टक्केच अडलेली धमनी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. रिपोर्टातल्या टक्क्यांना आपण फार महत्त्व देतो. मला तरी तेव्हापासून थर कसा आहे हे जास्त मोलाचं वाटतं.

पुढे कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन. सुई नाही, औषध नाही, श्वास रोखून काही सेकंद पडून राहायचं. माझा आला 86. या वयात बहुतेकांचा शून्य येतो. पण या स्कॅनला फक्त कॅल्शियम धरलेला थर दिसतो, मऊ थर दिसत नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन धमन्यांचा स्कॅन, झाली. नाडी मंदावायला आधी गोळी दिली. डाय शिरेत गेल्यावर अंगभर ऊब पसरली. डावीकडच्या मुख्य पुढच्या धमनीत 30 ते 40 टक्के अडथळा, थर मिश्र, म्हणजे काही मऊ, काही कॅल्शियम धरलेला.

“स्टेंट टाकायचा का?” मी लगेच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “रक्त नीट जातंय, मग स्टेंट कशाला? आजार सगळ्या भिंतीत आहे. एलडीएल खाली आणू या.”

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू झाली. 138 चं एलडीएल दोन महिन्यांत 66 वर आलं. लक्ष्य 70 च्या आत होतं. लिपोप्रोटीन ए या एलडीएलसारख्याच कणाचीही तपासणी केली. ते आनुवंशिक असतं, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. ती प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं.

कॅल्शियम स्कोअर पुन्हा काढू का, असं विचारलं तर डॉक्टर नको म्हणाले. स्टॅटिनने मऊ गाभा आटतो, थर घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतं. आकडा चढलेला दिसतो आणि माणूस घाबरून गोळी बंद करतो. त्यामुळे आता एलडीएल आणि बीपी एवढंच बघतो.