तुम्ही विचारलंत म्हणून : येशू देव, तर मग तो प्रार्थना कुणाची करत होता?

नाताळ जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात. येशूला तुम्ही देव मानता. मग वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना त्याने गुडघे टेकले ते कुणापुढे? स्वतःपुढेच? प्रश्न फार चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देते.

पित्यापुढे. आम्ही देव एकच मानतो, पण त्या एका देवात पिता, पुत्र म्हणजे येशू, आणि पवित्र आत्मा असे तिघं आहेत; यालाच त्रैक्य म्हणतात. पुत्र म्हणजे पिता नव्हे. यार्देनेत बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र नदीत होता, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि पित्याची वाणी आकाशातून आली. तिघं असून एक कसे, हे सांगायला संडे स्कूलमध्ये एकाच पाण्याची तीन रूपं, म्हणजे पाणी, बर्फ, वाफ, असा दाखला सर्रास देतात. मी देत नाही. तो खरा धरला तर एकच देव वेळेनुसार रूप पालटतो असं होईल आणि बागेतली ती प्रार्थना नाटक ठरेल.

मग देव दोन झाले का? नाही. ‘परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच’ हे ज्यांच्या रोजच्या प्रार्थनेत, त्या यहुदी लोकांत येशू वाढला. त्यांच्यातच, हिवाळ्यात, यरुशलेमच्या मंदिरात शलमोनाच्या देवडीत फिरताना तो म्हणाला, ‘मी आणि पिता एक आहोत.’ हे वाक्य लोक सुटं उचलतात, पण त्याच्या आधीची दोन वाक्यं वाचायला हवीत. माझी मेंढरं माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही, असं तो आधी म्हणतो. लगेच म्हणतो, पित्याच्या हातातून ती कुणी हिसकावू शकत नाही. माझा हात, पित्याचा हात, पकड एकच. देवाच्या हातातून सोडवणारा कुणी नाही, हे ऐकणाऱ्यांना त्यांच्या शास्त्रातल्या मोशे संदेष्ट्याच्या गीतातून पाठ होतं. हा स्वतःला देव म्हणवतो म्हणून त्याला मारायला त्यांनी धोंडे उचलले. दोघांचं मत जुळतं एवढंच तो म्हणाला असता, तर कुणी धोंडा कशाला उचलला असता?

चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू शिकवू लागला की पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता असाही एक काळ होता. त्यावर 325 साली आजच्या तुर्कस्तानातल्या निकिया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद भरवली. ‘जनित, निर्मित नव्हे’ हे आमच्या मतांगीकारातले, म्हणजे उपासनेत आम्ही म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीतले, शब्द त्या वादातले. पण वाद तिथे मिटला नाही. पुत्राचं देवपण लावून धरणारा अथनेशियस पुढे आलेक्सांद्रियाचा बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला.

एवढं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. अथनेशियसचं म्हणणं मला आजही पटतं: जो स्वतः निर्मिलेला, तो आपल्याला देवाशी कसा जोडणार? आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरीपाशी येशू रडला; तो केवळ एखादा भला दूत असेल, तर देवाच्या मनात काय आहे ते आपल्याला अजून कळलेलंच नाही. पुत्र आणि पिता एक असतील, तर ते रडणं देवाचं आहे. माझा सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा आहे.

‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही येशूचंच वाक्य, आणि ते टाळू नये. ज्याने दासासारखे शिष्यांचे पाय धुतले, तो हे त्याच रात्री बोलतो. पुत्राने माणूस होऊन पत्करलेली ती नम्रता आहे. आणि त्याच रात्री फिलिप्प या शिष्याला तो सांगतो, ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे.’

पंडिता रमाबाईंनाही हे सहज पटलं नव्हतं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याबद्दल आणि ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल त्यांनी तिथल्या मिशनरी भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. वडीलधारे सांगतात म्हणून मानायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्याच बाईंनी पुढे केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुम्हीही माझ्या शब्दावर जाऊ नका. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचा, मग चौदा ते सतरा, आणि अडेल तिथे पुन्हा विचारा.